दुर्बिणीवरची काळी टेप

तात्या, तुमची दुर्बीण मोडकी नव्हती. हे ऐकायला तुम्ही हवे होता, निदान माझ्यावर डाफरायला तरी.

बारामतीच्या बाजारात चादर अंथरून बसलेल्या एका माणसाकडून तुम्ही ती आणलीत. भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं दोन खोल्यांचं घर, आई स्टोव्हवर पिठलं हाटतेय, आणि तुम्ही ड्यूटीवरून आल्यावर कपडेही न बदलता दारात उभं राहून कारखान्याच्या चिमणीवर बसलेली घार बघताय. आई आतून ओरडते, "घरात मिक्सर न्हाय आन् ह्यांना दुर्बीण पायजे!" तुम्ही म्हणता, "अगं, तुझं म्हायेर दाखवीन हिच्यातनं." तिचं माहेर म्हणजे जुनं पळसदेव, धरणात बुडालेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर वर येतं, बाकी गाव खालीच.

त्या दुर्बिणीतून तुम्ही शेवटपर्यंत उजवा डोळा मिटूनच बघितलंत, कारण उजवीकडून सगळं धूसर दिसायचं. "स्वस्तातली हाय, एक डोळा तर एक डोळा," असं म्हणायचात, आणि वर मलाच बजावायचात, "भारी वस्तू घिऊन काय लांबचं जवळ येतंय व्हय?" उजव्या नळीचं डोळ्याकडचं कडं सैल होतं, हात लागला की फिरायचं. तुम्ही पडलात कारखान्याचे फिटर. सैल काही दिसलं की तुमचे हात शिवशिवायचे. आणल्या दिवशीच ते कडं तुम्ही काळ्या टेपनं आवळून टाकलंत, वेढ्यावर वेढा, एक सुरकुती नाही.

यंदा आईच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार असल्याचं कळलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना जे दाखवायचं ते लवकर दाखवा." आईला बाहेर बाकावर बसून काय उमगलं कुणास ठाऊक, रिक्षात बसल्यावर म्हणाली, "शिखर वर आलं की एकदा न्हे मला. नुसत्या डोळ्यानं न्हाय दिसायचं आता." तेव्हाच मी ठरवलं, दुर्बीण घ्यायची तर एक नंबर. पैशाकडं बघायचंच नाही.

पुण्यातल्या दुकानदारानं आधी बेताची हातात दिली. चांगली होती. मग पेटीतून महागडी काढली, आणि तात्या, काय सांगू! रस्त्यापलीकडच्या गच्चीवर एक कबूतर बसलं होतं. त्याच्या मानेवरचा हिरवा-जांभळा रंग, डोळ्यातल्या बाहुलीभोवतीचं नारिंगी वर्तुळ, पीस न् पीस! अंगावर काटा आला माझ्या. जन्मभर आपण कबुतरं बघतो म्हणजे नक्की काय बघतो? मी "हीच द्या" म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आधी तुमच्या डोळ्याला लावून घ्या, मॅडम. आता डावा डोळा मिटा आणि हे उजवीकडचं कडं फिरवा. दोन डोळ्यांचे नंबर सारखे नसतात ना, म्हणून ते मुद्दाम फिरतं ठेवलेलं असतं."

मुद्दाम! मी तशीच उभी राहिले. "बरं वाटत नाही का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "वडील आठवले," आणि पुन्हा येते सांगून सरळ बारामतीची एसटी पकडली. घरी आल्यावर तुमची टेप सोडवायला बसले. सगळा चिकटा नखांत गेला. कडं आधी अडलं, मग हळूच फिरलं, आणि उजवीकडचं धूसर चित्र स्वच्छ झालं.

पळसदेवच्या काठावर आईला गाडीतच बसवून ठेवलं. तिचे हात थरथरतात, म्हणून अर्धी काच खाली केली, वर टॉवेल टाकला आणि त्यावर दुर्बीण टेकवली. आधी मी बघितलं. कडेला रंग जरा फाकतात, महागडीची सर नाही, खोटं कशाला बोलू. पण दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि पाण्याला लांबी आली, तात्या. शिखर पुढं आलं, रोहित पक्ष्यांची रांग मागं गेली, आणि त्यांच्यामागं नुसतं पाणीच पाणी.

मग कडं आईच्या डोळ्याला जुळवलं. "अगं बया!" ती एकदम ओरडली. "कळस! त्यो बघ, त्याच्या डाव्या अंगाला आमची गल्ली हुती." तिथं पाणीच होतं, पण ती बोट दाखवत राहिली, डोळ्यांतून धार लागलेली. तेवढ्यात पक्षी उठले, सगळे एकदम. पंख उघडले आणि आतला गुलाबी रंग आभाळभर झाला. "देवा, देवा," एवढंच आई म्हणत होती.

बऱ्याच वेळानं तिनं दुर्बीण मांडीवर ठेवली. कड्यावरून बोट फिरवलं, जिथं टेप होती तिथं. "व्हय गं, ह्यांनी हे दोन डोळ्यांनी कधी बघितलंच न्हाय?"

"बघितलं की," मी म्हणाले. "ती टेप मी गुंडाळलेली, मागनं, शाळेत असताना."

"वाटलंच मला," आई म्हणाली. "ह्यांच्या हातनं असलं व्हायचं न्हाय."

आईला आता अक्षरं लागत नाहीत, म्हणून हा कागद टेबलावर उघडा ठेवला तरी चालतो. तो तुमच्यापर्यंत यायचा नाही. आई मात्र कधीतरी तुमच्याकडं येईल, आणि आल्या आल्या टेपचं विचारेल. तुम्हीही माझंच नाव सांगा.