खरखर काढू नका, अण्णा

प्रिय अण्णा,

शेवटचे चार महिने तुमच्याशी बोलले नाही आणि आता पत्र लिहायला बसलेय. हसा! पण आज सकाळी काका तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान रिकामं करायला आले होते. तिथं काय झालं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

मला परदेशातून बोलावणं आलंय. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तिथं भलीमोठी रेडिओ दुर्बीण उभारलीय. तिला डोळा लावायचा नसतो, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी पकडायच्या. दूरच्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन किती आहे, तो कसा फिरतो? ठोक्यांसारख्या लहरी पाठवणारे तारे आतून कसे असतील? विश्व कायम असंच होतं, की कधीतरी सुरू झालं? हे शोधणाऱ्यांत मला जागा मिळालीय. पुणतांब्याच्या रेडिओवाल्याच्या पोरीला!

काका म्हणाले, "भाऊ गेला, आता तुजं मीच बगायचं. कोपरगावचं स्थळ आलंय. खरखर ऐकायला परदेशात जायचं न्हाई."

खरखर! हा तुमचाच शब्द, अण्णा. तुम्हीच त्यांच्या कानावर घातला असणार.

गेल्या वर्षी मी दुकानाच्या पत्र्यावर बांबू उभे करून तार ताणली होती. दोन स्टेशनांच्या मधली खरखर रोज वहीत टिपत होते. ती सर्वांत जास्त वाढायची वेळ रोज चार मिनिटं अलीकडे सरकायची. गावातला बिघाड असा शिस्तीत सरकतो का? तारे उगवायची वेळच रोज तेवढी अलीकडे येते. ती आकाशगंगेची खरखर होती.

आणि मी परीक्षेला नगरला गेले, तेवढ्यात तुम्ही मायेनं माझा रेडिओ दुरुस्त करून ठेवलात! खरखर गाळणारा कंडेन्सर टाकून ती पार मारून टाकलीत. वर कौतुकानं म्हणालात, "आता बग, कसा ग्वाड वाजतोय!"

एकदा विचारायचं तरी! पण मी तरी कधी नीट समजावलं होतं? गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला अडाणी म्हणाले. त्या शब्दाची लाज वाटते. भांडून नगरला राहायला निघून गेले, त्याची मुळीच नाही.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रेडिओला तुम्ही चिठ्ठी बांधायचात. वर मालकाचं नाव, खाली दोष. "मास्तर. दोष: आवाज बसला." आज काकांच्या पोत्यात माझा रेडिओ दिसला. त्यालाही चिठ्ठी होती, तुमच्या तिरक्या अक्षरात.

"सुमन. दोष: काही नाही."

मागचं झाकण उघडलं. तो कंडेन्सर तुम्ही काढून टाकला होता. बटण फिरवलं, तर खरखर पहिल्यासारखी!

कळलं होतं ना तुम्हाला? मग नगरला दोन ओळी का नाही लिहिल्यात? एवढा कसला ताठा! मला इतकं रडू आलं की काकांनी पोतं भरायचं थांबवलं.

मग चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. "ह्याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

"मी जाणार, हा अर्थ."

आईनं पुढं होऊन त्यांच्या हातातलं पोतं काढून घेतलं.

तर जातेय, अण्णा. परवानगी मागत नाही, तुमचीसुद्धा नाही. शब्द मात्र देते. तिथं जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिहीन. कुणाच्या कानाला गोड लागावं म्हणून त्यातलं काहीही काढणार नाही.

तुमची,
सुमन.
दोष: आवाज मोठा. दुरुस्त करू नये.