आठशे यार्डांवरचा वारा

टॉलरसन, मोंटाना
१४ ऑक्टोबर

प्रिय लाइल,

जिंकलो रे! चार वर्षांनी तुला पत्र लिहितोय, तेव्हा आधी तब्येत विचारावी, बोईझीची हवा मानवली का, तुझी लेक कोरीन जेवायला नीट घालते का, हे सगळं मला सुचतंय. पण राहवत नाही. रास्मुसेनच्या कुरणावरची यंदाची जोडीची नेमबाजीची स्पर्धा मी जिंकलो. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि तू जिला 'बाटलीचा तळ' म्हणायचास, रायफलीवरच्या त्याच स्वस्तातल्या दुर्बिणीनं. वारा सांगायला माझ्या उजव्या हाताला पोस्टातली मार्लिस होती. बाई वारा बरा सांगते, पण अधूनमधून जगातलं बाकी सगळंही सांगते. एकोणीस वर्षं त्या जागी तू पोटावर पालथा पडलेला असायचास आणि तासाभरात चार शब्द बोलायचास. ती जागा चार वर्षं माझ्या डाव्या हाताला रिकामी राहिली. जिंकल्यावर पहिल्यांदा मी तिकडेच वळून पाहिलं.

तुला मिस अ‍ॅमडाल आठवतात? स्टोव्हजवळच्या बाकावर आपण दोघं, आणि शुक्रवारी फळ्यासमोर उभं राहून कविता म्हणायची. तुला पहिली ओळ यायची, शेवटची यायची, मधलं सगळं बर्फात हरवलेल्या वासरासारखं. मी खालच्या मानेनं कुजबुजायचो आणि तू मोठ्यानं म्हणायचास, वर्गाला वाटायचं लाइल क्विस्टला कवितेची केवढी जाण! त्या बाई म्हणायच्या, की कविता तोंडानं म्हणायची नसते, आधी कानानं ऐकायची असते. मला कविता कळल्या, पण त्यांचं म्हणणं खरं कळलं ते पुढे चाळीस वर्षांनी, गवतात पालथं पडल्यावर. कारण तिथे तू कुजबुजायचास आणि मी म्हणायचो. गवत कुठे झुकतंय, उन्हाची झळ कुठल्या अंगाला वाहतेय, मधल्या घळीत वारा उलटा फिरतोय का, हे सगळं वाचून तू एक आकडा पुटपुटायचास आणि मी घोडा दाबायचो. मग दूरवर पोलादी ताटली 'टण्' करायची. यमक जुळल्यासारखी.

आता त्या दुर्बिणीचं. माझी बायको, बार्बरा, वारली त्या वर्षी मी ती घेतली. चारशे डॉलरची, तुझ्या जर्मन दुर्बिणीच्या सहाव्या हिश्शाची. तू दुकानातच म्हणालास, "वेंडेल, एवढ्यात कोणी चष्मा तरी देतं का?" मी म्हणालो, "हमी आयुष्यभराची आहे." तर तू काउंटरवर हात आपटून हसलास, "कोणाच्या आयुष्याची, तुझ्या? मग त्यांना काय भीती!" हसण्यासारखंच होतं, मीही हसलो. मग तूच म्हणालास, "आण इकडे, निदान बसवून तरी नीट देतो." तुझ्या शेडमध्ये, गवताच्या यंत्रावर बसून, तू ती रायफलीवर चढवलीस. तिच्या नळीभोवती कडी घातलीस, स्क्रू पिळलेस, आणि शेवटी दात आवळून प्रत्येकाला अजून एक पाव वेढा दिलास. "आता भूकंप झाला तरी हलणार नाही," म्हणालास. गवताचे गठ्ठे बांधून बांधून तुझी मनगटं कुंपणाच्या खांबांसारखी झालेली. मी कौतुकानं बघत होतो.

आणि मग तो सप्टेंबर. पहाटेपासून पाऊस झालेला, माती काळीशार. चारशे, पाचशे, सहाशे यार्डांच्या ताटल्या आपण वाजवल्या. आठशेची उरली. ती वाजली असती तर आपण पहिले. मी दुर्बिणीवरची चढाची चकती मोजून फिरवली, म्हणजे बंदुकीचं तोंड तेवढं वर उचललं जातं आणि गोळीची लांबवरची पडझड भरून निघते. तू वारा सांगितलास. मी मारली. काहीच नाही. टण् नाही, धूळ नाही, ओल्या मातीत धूळ कुठून उडणार? तू वारा बदललास. पुन्हा काही नाही. तू पुन्हा बदललास, जरा घाईनं. पाच गोळ्या आभाळानं गिळल्यासारख्या गेल्या. तू तिपाईवरच्या दुर्बिणीतून डोळा काढलास, तुझा चेहरा पांढरा पडला होता, आणि मग सगळ्यांसमोर म्हणालास, "काच भिकार, आणि ती विकत घेणारा त्याहून भिकार." मी रायफल उचलली आणि चालता झालो. पिकअपमध्ये बसेपर्यंत मला वाटत होतं तू हाक मारशील. तुला वाटत असेल मी वळेन. दोघंही हट्टी नॉर्वेजियनांची पोरं, संपलं.

पुढच्या आठवड्यात मी एक उंच पुठ्ठा उभा केला, शंभर यार्डांवर. चकती छत्तीस इंचांइतकी फिरवली, तर गोळी बत्तीसच इंच चढली. पुन्हा केलं, पुन्हा बत्तीस. म्हणजे चकती पुढे जात होती, आतलं भिंग अडकत होतं. जवळ हे कळत नाही, ताटली मोठी असते, भागून जातं. लांब गेलं की गोळी हातभर खाली. मी दुर्बीण खोक्यात घालून कंपनीला पाठवली. पावती कुठे होती? बार्बरा असती तर सापडली असती.

नवव्या दिवशी फोन आला. डोरीन नावाची बाई, आवाजावरून पन्नाशीची, सर्दी झालेली. म्हणाली, "मिस्टर टॉर्गर्सन, दुर्बिणीत दोष नव्हता हो. कडी एवढी आवळली होती, की दुर्बिणीची नळी चेपली गेलीय. आतलं भिंग हलायला जागाच नाही. रेड्याला बांधून ठेवली होती का?" मी विचारलं, आता खर्च किती? ती म्हणाली, "खर्च कसला? नवी पाठवते." मी म्हणालो, बाई, चूक तर आमची आहे. ती शिंकली आणि म्हणाली, "कोणी आवळली हे आम्ही विचारत नाही. दुर्बीण आमची आहे ना, मग बास." दहा दिवसांत नवी हजर. पावती नाही, पैसा नाही, एक कागद फक्त: कड्यांचे स्क्रू जोर मोजणाऱ्या पान्यानं आवळा, काटा अठरावर, त्याच्या वर नाही.

हे सगळं मला तेव्हापासून माहीत आहे, लाइल. तुझ्या मनगटांनी दुर्बीण चेपली, हे मी चार वर्षं कोणालाही सांगितलं नाही. आधी वाटलं, सांगितलं तर तुला लागेल. पुढे पुढे, खरं सांगतो, मला गोड वाटायला लागलं. तू हॉटेलात कॉफीच्या टेबलावर म्हणायचास, "नवी दिली म्हणजे जुनी खराबच होती की," आणि मी पलीकडच्या टेबलावर मुकाट्यानं अंडी खायचो. वाटायचं, एका वाक्यात याला गप्प करू शकतो, पण करत नाही, किती मोठ्या मनाचा मी! असला मोठेपणा माणसाला आतून पोखरतो. मग तू गेल्या हिवाळ्यात मुलीकडे राहायला गेलास, आणि ते वाक्य माझ्याकडेच राहून गेलं.

दुर्बिणीनं मात्र माझी लाज राखली. नवी मी स्वतः बसवली, पान्यानं, श्वास रोखून. पिकअपच्या मागच्या फळीवरून ती खडीवर पडली, उणे तीस थंडीत रात्रभर गाडीत राहिली, क्लबातल्या विकच्या घोड्यानं तिच्यावर पाय दिला. दर वसंतात पुठ्ठा उभा करतो: छत्तीस फिरवली की छत्तीस, परत आणली की परत शून्यावर. खोटं बोलणार नाही, संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात तुझ्या जर्मन काचेतून हरणाची शिंगं मोजता येतात, माझ्यातून ते हरीण आहे की झुडूप एवढंच कळतं. पण शिंगं मोजायला मी जातो कुठे? जिथे ठेवली तिथे राहते, बोलावलं की येते, आणि दुखलं खुपलं तर फोनवर माणूस भेटतं. या वयात आणखी काय हवं?

तर यंदाची स्पर्धा. शेवटची ताटली हजार यार्डांवर, पाच गोळ्या, दोन मिनिटं. मी डोळा लावतो न लावतो तोच मार्लिस ओरडली, "अरे टोणग्या, चकती अजून मागच्याच ताटलीच्या आकड्यावर आहे!" खरंच होती. फिरवली. ती म्हणाली, "डावीकडून, अर्धा, नाही, पाऊण... आणि पोट आत घे, गवत हलतंय." पहिलीच गोळी. मोजून चार सेकंद काहीच नाही, आणि मग आला तो आवाज. लाइल, मिस अ‍ॅमडालनी कवितेची शेवटची ओळ म्हटल्यावर वर्गात जी शांतता पडायची ना, तशी पडली कुरणावर. पाचपैकी चार वाजल्या. विक टोपी फेकून म्हणाला, "म्हातारा माजलाय!" रास्मुसेनची बायको मला मिठी मारून रडली. मी रडलो नाही, डोळ्यांत रायफलीचं तेल गेलं होतं.

जिंकणाऱ्या जोडीनं सगळ्या ताटल्या पुन्हा पांढऱ्या रंगवायच्या, हा आपला नियम तू विसरला नसशील. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाची बादली घेऊन मी आणि मार्लिस निघालो. आठशेच्या ताटलीची ती जुनी जागा आता वापरात नाही, ओढा सरकला म्हणून आपण भांडलो त्याच वर्षी रास्मुसेननं ताटली वर हलवली. पण ताटलीखालचा रेल्वेचा जुना ओंडका गवतात तसाच आहे. गुडघे बोलायला लागले म्हणून मी त्यावर टेकायला गेलो, आणि थांबलो. ओंडक्याच्या समोरच्या अंगाला पाच भोकं. जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पाचही, आणि ताटली टांगायच्या दोन्ही जुन्या खांबांच्या बरोब्बर मधोमध. मार्लिस म्हणाली, "असतील कोणाची तरी." मी चाकूनं एक गोळी उकरून काढली. सबंध तांब्याची. त्या साली तांब्याची गोळी अख्ख्या क्लबात मी एकटाच भरत होतो, आणि "भांडी वितळवतोस का रे?" असं तूच विचारत होतास.

आता हे का लिहिलं ते सांगतो. रविवारी कोरीनचा फोन आला. तिला माझा नंबर शोधायला तीन दिवस लागले म्हणे. ती म्हणाली, बाबा येत्या शनिवारी रायफल विकायला काढतायत. म्हणतात, त्या दिवशी दोष दुर्बिणीचा नव्हताच, वारा मीच चुकीचा वाचला, माझे डोळे गेले, आणि ते लपवायला मी वेंडेलला सगळ्यांसमोर पाडून बोललो. चार वर्षं हे पोटात ठेवलंस, लेका? आणि मी जे वाक्य तुला लागू नये म्हणून, आणि हवं तेव्हा दुखावता यावं म्हणूनही, जपून ठेवलं, तेच तुला मोकळं करणारं होतं! तर ऐक. गोळ्या खाली गेल्या, हातभर खाली, कारण दुर्बिणीची नळी चेपली होती. बाजूला एकही गेली नाही. वारा गोळीला बाजूला नेतो, खाली नाही, हे तूच मला शिकवलंस. तू घाईघाईनं पाच गोळ्यांना पाच आकडे दिलेस ते वारा खरंच बदलत होता म्हणून, आणि पाचही वेळा तू बरोबर होतास. तुझे डोळे शाबूत होते, लाइल. ती तांब्याची गोळी याच पाकिटात चिकटवली आहे, हातात घेऊन बघ. रायफल दुकानात नेली असशील तर परत आण. मी शुक्रवारी पहाटे निघतोय, दहा तासांचा रस्ता आहे, जेवायला पोचतो. कोरीनला सांग, जास्त काही करू नकोस, जेवणारे दोन म्हातारेच आहेत, पण त्यातला एक दोन दिवस राहणार आहे.

तुझाच,
वेंडेल