अडकित्त्याला ओ देणारे मासे

मी, श्रीमती आनंदीबाई शरद टिपणीस, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार रोहा, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. मी पूर्ण शुद्धीत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. माझ्याकडे पुरावा आहे, तो कलम दोनमध्ये.

१. राहतं घर. हे चिरंजीव विराजने गेल्या वर्षी पेणच्या एका दलालाला दाखवलं. "आईला आता काही कळत नाही," असं त्याला सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू नीट येतं. गॅस उघडा राहायचा, कामाला येणाऱ्या सरूला मी हौसा म्हणायचे, हे खरं. यजमान गेल्यावर मला झोप येईना, म्हणून विराजने स्वतःच्या झोपेच्या गोळ्या आणून दिल्या. तो वडखळला राहतो, कंपनीत शिफ्टवर असतो, वर्षानुवर्षं त्याच घेतो. दिल्या प्रेमानेच. डॉक्टरांना कोणीच विचारलं नाही.

२. माशांच्या दोन टाक्या. काचेवर अडकित्ता वाजला की वर यायचं, खाणं मिळतं, हे माशांना यजमानांनी शिकवलेलं. दलाल गेल्यावर मी एका टाकीत माझ्या गोळीचा चुरा टाकला, दुसरीत काही नाही. मग अडकित्ता वाजवला. दुसरीतले धावत आले. गोळीवाले आपले मजेत फिरत राहिले. सरू म्हणाली, "बाई, ह्यांना बी तुमच्यागत झालंय. काय आठवतच नाय."

पाणी बदललं, तसे काही दिवसांत तेही येऊ लागले. मग मी डॉक्टर गाठले आणि त्यांच्या सल्ल्याने गोळी हळूहळू सोडली. सरूला आता सरूच म्हणते. टाक्या तिला द्याव्यात. हे मासे तळायचे नसतात, हे तिने विचारून घेतलं आहे.

३. दलालास काही नाही. चहा दिला होता.

४. घर विराजलाच. रागाच्या भरात दुसऱ्याच्या नावे कागद केला होता, तो फाडला. त्याचं कारण असं. यजमानांनी ही युक्ती माशांच्या कितीतरी आधी विराजवर केली होती. ताटलीवर अडकित्ता वाजला की पोरगा अंगणातून धावत यायचा, खोबऱ्याचा तुकडा मिळायचा. या गणपतीत तो आला तेव्हा मी मुद्दाम वाजवला. दोन्ही टाक्यांतले मासे वर आले. विराज शेजारीच बसला होता, त्या दिवशीच्या गोळीवाल्या माशांसारखा; त्याने मानही वळवली नाही. मला रडू आलं.

५. अडकित्ता विराजला. मात्र ही एक वस्तू त्याने माझ्या हयातीतच येऊन न्यायची आहे. त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेईन. म्हणून या कलमाची प्रत आजच वडखळला पाठवली. तोवर रोज जेवणाआधी मी अडकित्ता वाजवते. खोबरं काढून ठेवलेलं असतं.

वरील मजकूर चष्मा लावून पुन्हा वाचला आणि सही केली.

आनंदीबाई शरद टिपणीस

साक्षीदार:
१. हैबतराव मोकल, शेजारी
२. डॉ. हर्षद गुप्ते (बाईंना तपासलं, शुद्धीत आहेत. मासेही पाहिले.)

रोहा, २० सप्टेंबर २०२४