सरळ रेषेत नऊशे मीटर

४ मार्च
शाळा क्रमांक चौदा बंद होणार. सचिवांनी दुपारी फोनवर दुजोरा दिला. पंचवीसच्या सभेत मताला येणाऱ्या ठरावाला अहवाल माझाच जोडलाय. दीडशे मुलं कालव्यापलीकडच्या बावीस नंबरात जातील. अंतर मी स्वतः नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजलं. नऊशे मीटर. किलोमीटरच्या आत, म्हणजे नियमाप्रमाणे बस द्यायला नको. शिक्षण मंडळात डोकं वापरणारा मी एकटाच.
नात चौदा नंबरातच आहे, दुसरीत. घरी सावकाश सांगावं.

७ मार्च
घरी कळलं. पेपरातून. सूनबाईंनी विचारलं, पूल कुठे आहे ते ठाऊक आहे का. म्हटलं, कालवा हा तपशील आहे, धोरण नव्हे. बायको म्हणाली, एकदा चालून तरी बघा. उद्या पहाटे जातोच.

८ मार्च
नवे बूट चावतात. उद्या.

९ मार्च
ढगाळ. शिवाय गुडघा.

१३ मार्च
पालकांची सुनावणी. माणशी दोन मिनिटं, आणि सगळ्यांचं एकच रडगाणं. मुलं दमतील म्हणे. आम्ही लहानपणी काय कमी चाललो? (शाळा घरासमोर होती. पण मैदान मोठं होतं.)
मग शिलाईकाम करणारी एक बाई गळ्यात टेप घालून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेताना मी टेप पोटावरून फिरवते. आरपार नाही घालत."
सभागृह हसलं. अध्यक्षबाईंनी तोंडाला रुमाल लावला. सर्दी असावी.
मी शांतपणे जाहीर केलं, पंधरा मिनिटांत चालून दाखवतो. टाळ्यांचा कडकडाट. लोकांना नेतृत्व लागतं.

१८ मार्च
सकाळी सातला चौदा नंबरापासून निघालो. मागे चाळीस पालक, हाताशी दप्तरासह नात. सात चौदाला कालवा. पलीकडे बावीस नंबर स्वच्छ दिसत होती, घंटासुद्धा ऐकू आली. म्हणजे माझंच खरं. शाळा जवळ आहे. तिथं जाता येत नाही, एवढंच.
सात छत्तीसला पूल. फुटपाथ नाही, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. नातीनं माझा हात घट्ट धरला, की मी तिचा, नक्की आठवत नाही.
सात अठ्ठावन्नला पोचलो. शिलाईवालीनं आकडा वहीत लिहून माझी सही घेतली. परत तिच्याच नवऱ्याच्या टेम्पोतून आलो. पाहणीत वाहनाचाही अनुभव हवा.
निश्चय: सभेत अहवाल मागे घेणार. निदान बस तरी मागणार. भाषण आरशासमोर दोनदा म्हटलं. उत्तम.

२५ मार्च
सभा. भाषण खिशात होतं. पण अध्यक्षबाई सुरुवातीलाच म्हणाल्या की इतका अचूक अहवाल मंडळानं वीस वर्षांत पाहिला नाही. अशा वेळी मध्येच बोलणं असभ्यपणाचं. हात आपोआप वर गेला. ठराव पाच विरुद्ध चार मंजूर, अंमल दोन एप्रिलपासून.
बसचा विषय काढणारच होतो, तेवढ्यात चहा आला.
घरी आलो. नात झोपली नव्हती, पण झोपल्यासारखं करत होती.

३० मार्च
नातीसाठी बसचा अर्ज केला होता. नामंजूर. कारण: अंतर नऊशे मीटर. सोबत अहवालाची प्रत, तळाशी माझी सही. सही छान आली आहे.

१ एप्रिल
मुलगा परगावी. सूनबाईंची हॉस्पिटलातली ड्युटी सहाला सुरू होते. जेवताना त्या अगदी सहज म्हणाल्या, "बाबा, आता तिला तुम्हीच सोडत जा. नऊशे मीटर तर आहे."
कोणीच हसलं नाही.
शिलाईवालीचा निरोप आला. आमच्या गल्लीतली मुलं रांगेनं जाणार. आजोबांनी शेवटी चालावं, म्हणजे रांग अडणार नाही.
उद्या सव्वासहाला निघायचंय. बुटात कापूस घालून ठेवला. पुलावर ट्रकच्या बाजूनं मी चालायचं, असं नातीनं ठरवलंय.