दोर तुझाच आण

प्रिय वेंडेल,

‘प्रिय’ लिहिताना लेखणी अडखळली. पण रूढीलाही शास्त्रात आधार आहे, म्हणून राहू दिलं. फार अर्थ काढू नकोस.

आपल्या ब्रॅम्बलफोर्डमध्ये दर जूनला अमेरिकी यादवी युद्धाची जी लुटुपुटीची लढाई होते, तिच्यात आपण दोघं प्रथम उतरलो, ते दिवस हल्ली फार आठवतात. मी कॉलेजात जेमतेम तीन पोरांना संस्कृत शिकवणारा, तू वखारवाला. पण उत्तरेच्या निळ्या लोकरी कोटात दोघंही सारखेच उकडून निघायचो. लांबून गाडी हाकत आलेल्याने पहिल्या फैरीत मरायचं नाही, हा या खेळातला अलिखित धर्म. तू दोन गल्ल्या पलीकडे राहायचास, म्हणून तुला आधी मरावं लागे, आणि तू मरायचास तेही नेमका मेपलच्या सावलीत. “पंडित, हुतात्म्याला ऊन सोसत नाही,” असं डोळे मिटूनच पुटपुटायचास. हसू आवरता आवरता माझा नेम चुकायचा.

मग एका वर्षी दक्षिणेकडची माणसं कमी पडली. अशा वेळी निळ्यांपैकी कुणीतरी तेवढ्या दुपारपुरता दक्षिणेचा करडा कोट चढवायचा, हा रिवाज. तू चढवलास. “एका दुपारपुरता हं,” म्हणालास. वेंडेल, ती दुपार अजून मावळलेली नाही. आधी कोट बदलला, मग टोपी, मग दाढी, मग मतं. आता तू त्यांचा कॅप्टन आहेस, वर जिल्हा मंडळाचा सदस्य. आणि भाषणात सांगतोस की ते युद्ध गुलामगिरीपायी नव्हतंच, हक्कांपायी होतं. कुणाचा कुणावर हक्क, हे कुणी विचारायच्या आत टाळ्या पडतात. सोय आहे.

दरवर्षी तू घोड्यावरून गावात शिरतोस, तलवार उपसून दुकानदाराकडे डुकराचं खारवलेलं मांस मागतोस, पोरांवर गोळ्या-चॉकलेटं उधळतोस. गाव हसतं. १८६३च्या जूनमध्ये खऱ्या करड्या कोटवाल्यांनी मांस नेलं, घोडे नेले, बूट नेले. आणि त्यानंतर याच रस्त्यावरून आपले काळे शेजारी नेले. स्वतंत्र माणसं, बायका, लेकरं. हात बांधून, दक्षिणेत विकायला. हा प्रवेश आपण कधी केला नाही. मांसापाशीच पडदा पडतो, आणि सगळे पीचचा केक खायला जातात.

निदान चौकात पितळी पाटी तरी असावी म्हणून आमच्या इतिहास मंडळाने मजकूर दिला: ‘इथून आपल्या शेजाऱ्यांना बांधून नेलं.’ तू तो सुधारलास: ‘काही रहिवासी सैन्यासोबत दक्षिणेकडे गेले.’ सहलीला गेले होते का रे? सोबत शिदोरीही दिली होती का? मंगळवारी जिल्हा मंडळात त्यावर मतदान आहे, आणि तू हात वर केलास की आणखी तीन हात वर होतात, हे मला ठाऊक आहे. मग हे खोटं पितळेत ओतलं जाईल आणि आपल्या दोघांच्या पश्चातही तिथेच राहील.

याच वेंडेलने बिचाऱ्या पर्व्हिसला मैदानाबाहेर काढलं होतं, का, तर त्याच्या कोटाच्या काजात त्या काळी नसलेला नायलॉनचा धागा! “अचूकपणा म्हणजे मेलेल्यांचा मान!” असा गरजलास की घोडी बुजली. सुतावरून स्वर्ग गाठणारे मी पुष्कळ पाहिले. सुतापाशीच थांबून माणसं गाळणारा तूच पहिला.

ओडेसा पिंक्नीला तू ओळखत नाहीस असं म्हणण्याइतका निर्लज्ज तू अजून झालेला नाहीस. तिने हयातभर शाळेची पिवळी बस चालवली. तू रोज उशिरा, एक बूट पायात, एक हातात. आणि ती तुझ्या फाटकाशी भोंगा वाजवत थांबलेली. तिच्या पणजीच्या थोरल्या बहिणीला कपडे वाळत घालताना उचललं. ती परत आली नाही.

आता पत्राचं कारण. या शनिवारी मांसापाशी पडदा पडणार नाही. इतिहास मंडळाने पुढचा प्रवेश ठरवला आहे. चौकात धुण्याची टोपली घेऊन ओडेसा उभी असेल, सोबत तिच्या दोन भाच्या. कॅप्टनने घोड्यावरून उतरायचं, तिचे हात बांधायचे आणि सगळ्या गावासमोरून चालवत न्यायचं. तुला हे आधी कळू नये, अशी माझी फार इच्छा होती. तुझं तोंड बघायचं होतं मला. पण ओडेसाने मला झापलं. “नाही अँब्रोज, त्याला आधी कळव. आमच्यांना कुणी कळवलं नव्हतं.” मी म्हटलं, अन् तो आलाच नाही तर? “तर मग मंगळवारी हात वर करायलाही येऊ नये म्हणावं.” आणि आला तर? “आला तर गाठ नीट मारायला सांग. बसमध्ये त्याच्या बुटाची नाडी रोज मीच बांधून द्यायचे.”

तेव्हा ये किंवा येऊ नकोस. आलास तर दोर तुझाच आण, तागाचा, हाताने वळलेला. नायलॉनचा चालणार नाही.

तुझाच, आणि अजून निळ्या कोटातच उकडणारा,
अँब्रोज कीफर