माझ्या वाऱ्यावर तुमची वाफ

प्रिय (नको, आदरणीयच बरं) साडूभाऊंना,

कंबर धरल्यामुळे साष्टांगाऐवजी उभ्या उभ्या नमस्कार. प्रकृती कशी आहे असं विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारतो. वास्तविक आज सकाळी जिन्यात तुम्ही माझ्याकडे न बघता खाली उतरलात, तेव्हा ती उत्तमच दिसली, जरा जास्तच. आपण सख्ख्या बहिणींचे नवरे. एकाच इमारतीत वरखाली राहतो, एकाच वीज प्रकल्पात एका भिंतीच्या अल्याडपल्याड बसतो. तरी पत्र लिहावं लागतंय, कारण आपलं बोलणं बंद आहे. (सुरुवात कोणी केली हा वाद नको. तुम्ही केलीत.) पत्रास कारण की, तुम्ही बदलीचा अर्ज दिल्याचं कळलं. फार आनंद झाला. सोमवारी साहेब त्यावर सही करणार म्हणे, तेव्हा त्याआधीच निरोपाचे दोन शब्द लिहून मोकळा होतो.

तुम्ही यायच्या आधी इथे मी आणि माझं गॅस टर्बाईन, एवढाच संसार होता. गॅस जळायचा, टर्बाईन फिरायचं, वीज व्हायची आणि उरलेला तापलेला वारा चिमणीतून वर निघून जायचा. कोणाची तक्रार नव्हती. मग वरच्या लोकांना वाटलं, हा वारा फुकट का घालवा? त्यावर पाणी तापवा, वाफ करा आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाईन फिरवा. तेवढ्याच गॅसमध्ये दीडपट वीज. कल्पना वाईट नाही, मीही मान डोलावली होती. पण जगात एवढे वाफवाले पडलेले असताना माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचाच नवरा यावा? नोकरीत मी थोरला, नात्यात तुम्ही. म्हणजे प्रकल्पात मी तुम्हाला पाणी कमी-जास्त करायला सांगायचं आणि घरी पंगतीत पहिलं ताट तुमचं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण तो नागोबा हेल्मेट घालून, हसतमुखाने समोरून चालत येताना प्रथमच पाहिला.

तुमच्या कंट्रोल रूमला काचा, गार हवा, फिरत्या खुर्च्या. माझ्या खुर्चीचा हात मी स्वतः चिकटपट्टीने बांधलाय. चहावाला पूर्वी पहिला माझ्याकडे यायचा. आता तुमच्याकडून येतो, आणि तोवर माझ्या चहावर साय धरलेली असते. तुमच्याकडे बिस्किटंही देतो असं ऐकलं. (खरं असेल तर कळवू नका.)

मग प्रकल्प बघायला ते पाहुणे आले. साहेब त्यांना तुमच्या विजेच्या आकड्यापुढे उभे करून म्हणाले, “ही सगळी वीज फुकटातली. एक कण गॅस जास्त लागत नाही.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ऊब कुठून येते हे एकानेही विचारलं नाही, आणि तुम्ही मान खाली घालून उभे, नव्या सुनेसारखे. माझ्या पोटात असं दुखायला लागलं की मी सरळ माझ्या खोलीत गेलो आणि टर्बाईनचा भार हळूच उतरवला. म्हटलं, वाराच कमी झाला की वाफ बसेल. बसतेही, पण बॉयलर तापलेला असतो, तो लगेच निवत नाही, हे रागाच्या भरात विसरलो. माझा आकडा धाडकन खाली आला, तुमचा होता तिथे ठाम. नेमके तेव्हाच पाहुणे माझ्याकडे आले. साहेब म्हणाले, “हे आमचं जुनं मशीन, दमतं अधूनमधून. पण वाफ बघा कशी टिकून आहे.” लोक आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात. माझं नाकही गेलं आणि अपशकुनही झाला नाही.

हे कोणी केलं ते तुम्ही भिंतीपलीकडून ओळखलंत. साहेबांना मात्र सांगितलंत, गॅसचा दाब पडला असेल. हे तुम्ही करायला नको होतं. तक्रार केली असतीत तर मला रीतसर भांडता आलं असतं. उपकार केल्यावर माणसाने काय करायचं? म्हणून संध्याकाळी जिन्यात मी तुम्हाला उसन्या वाऱ्यावर उडणारे म्हणालो. तुम्ही तडक वर गेलात आणि अर्ज लिहिलात. घरी बायको म्हणाली, “भावोजींना घालवलंत. आता माझी ताईही जाईल. बसा तुमच्या मशीनशी बोलत.” तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिच्याकडे सध्या काम नसतं.

असो. नव्या ठिकाणी सुखी राहा. लोभ आटला तरी हरकत नाही.

आपला,
नात्याने धाकटा साडू

ता. क. काल तुमच्या बॉयलरची नळी गळली, तुमचं सगळं बंद पडलं, आणि माझा वारा पुन्हा जुन्या चिमणीने जाऊ लागला. मी मुद्दाम अंगणात जाऊन उभा राहिलो, मजा बघायला. चिमणीच्या तोंडाशी आभाळ थरथरत होतं. इतकी वर्षं मी तिथे कधी वर पाहिलं नव्हतं. एवढी ऊब कोणाच्याच उपयोगी न पडता चाललेली बघून मला भारी वाईट वाटलं. मग तुमच्या खोलीत गेलो. तुम्ही बॉयलरखाली होतात म्हणून तुमच्या खुर्चीत थोडा बसलो. खुर्ची चांगली आहे.

ता. ता. क. अर्ज मागे घ्या. सोमवारच्या आत. कारण घरगुती म्हणून सांगा, माझं नाव नको. तुम्ही गेलात की तुमच्या जागी कोणीतरी येणारच, आणि एखाद्या परक्या माणसावर पुन्हा पहिल्यापासून जळायची उमेद आता माझ्यात उरलेली नाही.