पाण्याची गोळी आणि आमचं एकुलतं बाथरूम

३ मार्च. दुपारी.
ह्यांना हॉस्पिटलमधून घरी सोडलं. आनंद झाला असेल ना, असं शेजारणीने विचारलं. चादरी बदलायच्या होत्या, आनंदाचं बघायला वेळ झाला नाही.
लेकीने जिन्यातच जाहीर केलं की बाबांना पुन्हा एकदा जरी ऍडमिट करावं लागलं, तर ती त्यांना तिच्याकडे घेऊन जाणार. जिला अजून दूध उतू न घालवता तापवता येत नाही, ती मला धमकी देते! मी म्हटलं, अख्खी शाळा चालवली आहे मी, एक नवरा काय जड आहे? हे म्हणाले, सध्या आहे जरा जड, पायात पाणी भरलंय.
विनोद सुचतोय, म्हणजे बरे आहेत.

४ मार्च. सकाळी.
क्लिनिकची नर्स गोळ्या समजावायला आली. च्युइंगम चघळत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हिला वर्गाबाहेर उभी केली असती.
तिचं म्हणणं असं. हृदय थकलंय, रक्त नीट पुढे ढकलत नाही, म्हणून पाणी पायात आणि फुप्फुसांत साचतं. गोळी मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकायला लावते, आणि मिठाच्या मागोमाग पाणी जातं. रांगेने. हे मला आवडलं.
मग नियम. गोळी सकाळी. रोज उठल्यावर, लघवी झाल्यावर, नाश्त्याच्या आधी वजन. एकदम वाढलं किंवा उतरलं तर क्लिनिकला फोन. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. पाणी सांगितलं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. मीठ कमी. गोळी चुकली आणि दुपारनंतर आठवली तर सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत.
बुडालेला अभ्यास सोडून द्या म्हणणारी पिढी! मी लिहूनही घेतलं नाही. स्मरणशक्ती कच्ची असेल त्याने लिहावं.

५ मार्च.
साडेसातला गोळी दिली. आठ ते नऊ बाथरूम माझं, लग्न झाल्यापासून. मी आत शिरते न शिरते तोच दारावर टकटक. मॅडम, जाऊ का? हे मला तेव्हापासून मॅडम म्हणतात, आणि करंगळीही वर करतात. म्हटलं, थांबा. दुसऱ्यांदा टकटक. तिसऱ्या वेळी मॅडमसुद्धा म्हणाले नाहीत. डोक्याला शॅम्पू तसाच, बाहेर यावं लागलं.
उद्यापासून गोळी संध्याकाळी. टाइमटेबल माणसासाठी असतं.

७ मार्च.
झोप नाही. हे रात्रभर दिवा, फ्लश, दिवा, फ्लश. पायपुसण्यात पाय अडकून पडता पडता वाचले. नर्सला फोनवर सांगितलं, तर म्हणे, मॅडम, म्हणूनच तर सकाळी द्यायची. मी म्हटलं, मलाही तेच सुचलं होतं.
उद्यापासून पहाटे सहाला. आठपर्यंत ह्यांचं उरकतं. माझी आयडिया.

११ मार्च.
वजन उतरतंय. ह्यांच्या घोट्याची हाडं दिसली, बऱ्याच महिन्यांनी भेट झाली. बूट चढतात. जिना चढून आले आणि वर पोचल्यावर बोलूही शकले. व्हेरी गुड दिलं.
लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बघू.

१४ मार्च.
उद्या शाळेचं बक्षीस-वितरण, मी प्रमुख पाहुणी. हे पहिल्या रांगेत. माझं भाषण रंगात आलं की करंगळी वर करून उठायचे, आणि सगळ्या मुली हसणार. नको. उद्या गोळीला सुट्टी. एका दिवसाने काही होत नाही.

१५ मार्च. संध्याकाळी.
भाषण उत्तम. हे शेवटपर्यंत जागेवर बसले. नंतर खारी बिस्किटं आणि वेफर्स खाल्ले, मी पाहिलं नाही असं त्यांना वाटतं. सगळे म्हणाले, सर किती फ्रेश दिसतात. बघा.

१६ मार्च. सकाळी.
वजन दीड किलो जास्त. पाय पुन्हा मडक्यासारखे. दोन उशा घेऊनही धाप.
अशा वेळी क्लिनिकला फोन करायचा, हे मला पाठ आहे. पण क्लिनिक लेकीला कळवणार आणि लेक बॅग घेऊन येणार. शिवाय आमच्याकडे सोमवारी गैरहजर राहिलेली मुलगी मंगळवारी दोन्ही दिवसांचा गृहपाठ आणत असे. कुणी मेली नाही.
दोन गोळ्या दिल्या. ह्यांनी तळहाताकडे पाहिलं. दोन? म्हटलं, बॅकलॉग. गिळल्या. हे वाद घालत नाहीत, हा त्यांचा एक गुण.

१७ मार्च.
भराभर उतरलं. तरी थोडी बाकी वाटली, म्हणून आजही दोन. आणि पाणी निम्म्यावर आणलं. एकीकडून काढायचं आणि दुसरीकडून ओतायचं, हा काय व्यवहार आहे?

१८ मार्च.
वजन हॉस्पिटलमधून आलो तेव्हापेक्षा कितीतरी खाली. एक्सलंट दिलं, वर चांदणी काढून. हे म्हणाले, तोंडाला कोरड पडलीये, उठलं की भोवळ येते. मी म्हटलं, आधी बसा, मग उभे राहा. नियम तोच आहे.
आजही दोन. यश मिळत असताना पद्धत बदलू नये.

१९ मार्च. हॉस्पिटल.
सव्वाआठच्या सुमाराला बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. बादली असेल असं वाटलं. केस धुऊन मगच बाहेर आले.
हे बेसिनपाशी. कपाळाला खोक. डोळे उघडे होते. म्हणाले, टकटक करणारच होतो.
आता सलाइन लावलं आहे. अंगातलं पाणी आटलं, रक्तातले क्षार बिघडले, मूत्रपिंडांवर ताण आला. इतके दिवस जे बाहेर काढलं तेच नळीने थेंब थेंब आत चाललंय. मी थेंब बघत बसले. दुसरं काही वाटलं नाही.
डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती देत होता? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, ही एकच द्यायची, दुसरी मीच चुकून घेत होतो. ह्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. हॉस्पिटलमध्ये माणूस बिघडतो.
लेक म्हणाली, बाबा चुकून डबल घेतात म्हणजे लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच. मी नेते.
मी खिडकीबाहेरचं पार्किंग पाहत होते. बोलायचं राहून गेलं.

२४ मार्च.
ह्यांना परस्पर तिकडे नेलं. बूट इथेच राहिले. वजनकाटाही.

२७ मार्च.
सकाळी सहाचा गजर झाला. बंद करायचा राहिला होता. काट्यावर उभी राहिले. माझं वजन कुणाला कळवायचं, ते नर्सने सांगितलेलं नाही.
लेकीचा फोन. गोळी सकाळी एक, वजन स्थिर, सूज नाही, रिपोर्ट सुधारतोय. म्हणे, आई, काहीच कठीण नाही गं, डॉक्टर सांगतात तेवढंच करायचं. तिच्याकडे दोन बाथरूम आहेत, असल्या घरात कुणालाही जमेल.
मग हे फोनवर आले. जेवलीस का, विचारलं. म्हटलं, हो. मग म्हणाले, मॅडम, बाथरूम मोकळं आहे का?
म्हटलं, आहे. दिवसभर.